नाव झाकून आकडा सांगा

"वकीलबाई, तीनातनं दोन गेले तर किती राहिले?"

मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. "एक," मी म्हटलं.

"आणि तो एकपण भोगून झालाय. म्हणजे झाली शिक्षा. ये, बस. मामीनं चहा टाकलाय."

मामा रोनाल्डोबद्दल बोलत होते. १३ नोव्हेंबर २०२५ ला डब्लिनमध्ये आयर्लंडनं पोर्तुगालला २-० असं हरवलं. त्या सामन्यात रोनाल्डोनं आयर्लंडचा बचावपटू डॅरा ओशे याला कोपर मारलं. रेफरीनं आधी पिवळं कार्ड काढलं, मग व्हीएआरच्या पडद्यावर पाहून त्याचं लाल केलं. देशाकडून खेळलेल्या २२६ सामन्यांतलं त्याचं हे पहिलं लाल कार्ड. पुढच्या सामन्यात तो बाहेर बसला आणि त्याच्याविना पोर्तुगालनं आर्मेनियाला ९-१ असं हरवून विश्वचषक गाठला. मग फिफाच्या शिस्तपालन समितीचा निर्णय आला. बंदी तीन सामन्यांची, पण त्यातले दोन वर्षभर स्थगित. वर्षात पुन्हा असं काही केलं तर ते दोन भोगायचे. नाही केलं तर २०२६ च्या विश्वचषकात पहिल्या सामन्यापासून मैदान मोकळं.

मामा शाळेत पी.टी. शिकवायचे आणि बावीस वर्षं त्यांनी कोल्हापुरात रेफरीचं काम केलं. शाहू स्टेडियमच्या गच्च भरलेल्या पायऱ्या, पेठांच्या तालमींचे झेंडे, आणि मधोमध काळ्या शर्टातला हा एकटा माणूस, असं माझ्या लहानपणचं चित्र आहे. मी फौजदारी बाजूला वकिली करते. आरोपी सुटणार की अडकणार यावर सगळे बोलतात, पण माझा बराच वेळ त्याच्या पुढच्या प्रश्नात जातो. दोषी ठरला, आता किती? मामांनी हा प्रश्न आयुष्यभर शिट्टी तोंडात धरून दोन सेकंदांत सोडवला. मी त्याच्यासाठी महिनोन् महिने फायली चाळते. त्यामुळं आमचं पटत नाही, आणि त्यामुळंच रविवारी माझी पावलं शिवाजी पेठेकडे वळतात.

"फिफाच्याच पुस्तकात लिहिलंय," मामा म्हणाले. "कोपर, बुक्की, लाथ, चावा, थुंकणं, कमीत कमी तीन सामने. कमीत कमी म्हणजे काय गं? त्याच्या खाली जायचं न्हाई. मग हे दोन कुठं उडाले?"

"उडाले नाहीत, टांगून ठेवलेत. त्याच पुस्तकात २७ वं कलम आहे. शिक्षा पूर्ण किंवा अर्धीमुर्धी स्थगित ठेवता येते, एक ते चार वर्षांच्या मुदतीवर. आपल्याकडे नाही का? १९५८ चा परिवीक्षेचा कायदा. पहिलाच गुन्हा असला तर कोर्ट चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतं आणि सोडतं. मी स्वतः पोरं सोडवून आणलीत तशी. पुन्हा कोर्टाची पायरी न चढलेली पोरं आहेत त्यांत. २२६ सामन्यांत ज्याला एकदाही लाल कार्ड मिळालं नाही त्याला ही सवलत मिळाली, यात मला गैर वाटत नाही."

"तुझ्या पोरांच्या नावावर विश्वचषकाची तिकिटं खपत न्हाईत."

हे खरं होतं. "तिथंच माझीही तक्रार आहे," मी म्हटलं, "पण सवलत दिली म्हणून नाही. फिफाच्या कारभारात आधी नुसता निकाल कळवतात. कारणं हवी असतील तर संबंधितांनी दहा दिवसांच्या आत मागायची. आता सांगा, ज्याला सवलत मिळाली तो कारणं कशाला मागेल? म्हणजे जिथं शिक्षा हलकी झाली, नेमका तिथला कागद कोरा राहण्याची शक्यता जास्त. उद्या एखाद्या लहान देशाच्या बचावपटूनं असंच कोपर मारलं, त्याचंही रेकॉर्ड स्वच्छ असलं, तर त्याच्या वकिलानं कशावर बोट ठेवून म्हणायचं की साहेब, याच कारणांनी मलाही द्या?"

मामांनी बशीत चहा ओतला. "कारणं काय, कुणालाबी लिहिता येतात. तू मला १९६२ सांग."

१९६२ मला त्यांनीच सांगितलेलं आहे, कितीदा तरी. चिलीतला विश्वचषक, यजमानांशीच ब्राझीलची उपांत्य लढत. गारिंचानं दोन गोल केले, ब्राझील ४-२ जिंकलं, पण शेवटी शेवटी गारिंचानं चिलीच्या खेळाडूला लाथ घातली आणि रेफरीनं त्याला बाहेर काढलं. तेव्हा कार्डं नव्हती, ती १९७० ला आली. पुढच्या सामन्यातून आपोआप बाहेर, असाही नियम नव्हता. समिती बसली. ब्राझीलकडून जेवढं वजन टाकता येईल तेवढं टाकलं गेलं. चार दिवसांनी गारिंचा अंतिम सामना खेळला आणि ब्राझीलनं चेकोस्लोव्हाकियाला ३-१ हरवून कप नेला.

"आणि आता १९९८," मामा म्हणाले. "फ्रान्सचा लॉराँ ब्लां. उपांत्य सामना, क्रोएशियाबरोबर. फ्री किकला बिलिचशी झोंबाझोंबी, ब्लांचा हात लागला, बिलिच तोंड धरून खाली. लाल. अंतिम सामना घरच्या मैदानावर, समोर ब्राझील, आणि हा बाहेर. मला त्या माणसाची लई दया आली. बिलिचनं नाटक केलं असं मला तेव्हाबी वाटलं, आताबी वाटतंय. पण पोरी, निकाल मला आवडला. कुणी कुणाला फोन केला असता तरी उपयोग नव्हता. का? ठरवायला कुणी बसलंच नव्हतं. लाल म्हणजे पुढचा सामना बाहेर. संपलं. माणूस मधी आला की फोन येतो."

"आपल्याकडं तरी काय वेगळं?" तेच पुढं म्हणाले. डिसेंबर २०१२ मध्ये कोलकात्याच्या डर्बीत मध्यंतरानंतर मोहन बागाननं मैदानात यायचं नाकारलं. आधी दोन वर्षांहून जास्त बंदी जाहीर झाली, आणि महिनाभरात ती उठून दोन कोटींचा दंड आणि गुण शून्यावर, एवढ्यावर आलं. मार्च २०२३ मध्ये केरला ब्लास्टर्सचा संघ बंगळुरूत मैदान सोडून गेला तेव्हा दंड चार कोटींचा. "आकडे बघ की. कुठनं येतात हे आकडे? आभाळातनं पडल्यागत."

मामांच्या या बोलण्यातला एक भाग मी कधीच मान्य करून टाकलाय. तळाची शिक्षा ठरलेली हवी, आणि ती आपोआप लागायला हवी. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी कार्डं झाली की एक सामना बाहेर, ३२ सामन्यांपर्यंत दहा झाली की दोन. त्यावरून कधी कुणी मोर्चा काढत नाही. मोठा खेळाडू असो की कालचं पोर, मोजणी सारखीच. पण फुटबॉलच्या मैदानावर घडणारं सगळं मोजणीत मावत नाही, आणि माझं भांडण तिथून सुरू होतं.

"मामा, आपण असं करू. मी नाव झाकून प्रकरण सांगते. तुम्ही आकडा सांगा."

त्यांनी बशी खाली ठेवली. परीक्षेला बसावं तसे ताठ बसले.

"इंग्लंड. एकाच शहरातले दोन मोठे क्लब. दोन्हीकडच्या एकेका खेळाडूला उत्तेजकांच्या चाचणीला बोलावलं. दोघांनीही चाचणी दिली नाही."

"सहा महिने. दोघांनापण."

"एकाला २,००० पाउंड दंड. दुसऱ्याला आठ महिने बंदी आणि ५०,००० पाउंड."

"हलकी शिक्षा मोठ्या नावाला."

"उलट. २,००० वाला मँचेस्टर सिटीचा क्रिस्तियाँ नेगूआई. तुम्हालाही नाव आठवणार नाही. आठ महिनेवाला मँचेस्टर युनायटेडचा रिओ फर्डिनंड. २००३ चं प्रकरण, त्याची २००४ ची युरो स्पर्धा त्यात गेली."

मामा थोडा वेळ गप्प झाले. मोठं नाव नेहमी सुटतं, हे त्यांचं गृहीत मला सगळ्यात आधी हलवायचं होतं. नावामुळं माणूस सुटतो तसा नावामुळं अडकतोही. जगाला दाखवायला म्हणून एखाद्याला उदाहरण करतात, आणि उदाहरण करायला अनोळखी माणूस उपयोगाचा नसतो. दोन्हीकडे पाप एकच. समितीनं कृत्याकडे पाहायचं सोडून चेहऱ्याकडे पाहिलं.

"दुसरं प्रकरण," मी म्हटलं. "यात चार माणसं आहेत. चौघांनीही वंशावरून, रंगावरून काही म्हटलं. चौघांनाही शिक्षा एकाच संस्थेनं दिली, इंग्लंडच्या एफएनं. आकडा?"

"सहा. चौघांना सहा सहा."

"आठ, चार, तीन आणि सात."

मग मी नावं सांगितली. ऑक्टोबर २०११, लिव्हरपूलचा लुईस सुआरेझ आणि मँचेस्टर युनायटेडचा पॅट्रिस एव्हरा. मैदानावरच्या बाचाबाचीत सुआरेझनं एव्हराला त्याच्या रंगावरून हाक मारली. आठ सामने, ४०,००० पाउंड. त्यानंतर आठच दिवसांनी चेल्सीचा जॉन टेरी आणि क्वीन्स पार्क रेंजर्सचा अँटन फर्डिनंड. टेरीला फौजदारी कोर्टानं निर्दोष सोडलं, पण एफएनं दोषी धरलं. चार सामने, २,२०,००० पाउंड. २०२० च्या अखेरीस मँचेस्टर युनायटेडचा एडिन्सन कवानी. अभिनंदन करणाऱ्या मित्राला त्यानं इन्स्टाग्रामवर आभाराचे दोन शब्द लिहिले, त्यातला दुसरा 'नेग्रितो'. तीन सामने, १,००,००० पाउंड. आणि २०२४ ला टॉटनहॅमचा रॉड्रिगो बेंटानकुर. आपल्या देशातल्या टीव्हीवर बोलताना त्यानं, कोरियन लोक सगळे सारखेच दिसतात, असा विनोद स्वतःच्याच संघातल्या सॉन ह्युंग-मिनवर केला. सात सामने, १,००,००० पाउंड. सॉननं त्याला माफ केलं होतं. क्लबनं शिक्षा कमी करा म्हणून अपील केलं, ते फेटाळलं.

"चौघांत तिघं उरुग्वेचे आणि एक इंग्लंडचा कप्तान," मामा म्हणाले. "आणि कप्तानाला चार. आता तूच बोल."

"बोलते. पण आधी कवानीचं. तुम्ही त्यालाही सहा म्हणालात. भांडताना समोरच्याला डिवचायला उच्चारलेला शब्द आणि मित्राला थँक्यू म्हणताना लिहिलेला शब्द, दोन्हीला सहा?"

"शब्द तर तोच."

"मामा, मी लहान असताना तुम्ही मला काय हाक मारायचा?"

ते हसले. "काळूबाई."

"मायेनं मारायचा. मला कधीच वाईट वाटलं नाही. तुम्ही सायकलच्या दांडीवर बसवून रंकाळ्याला न्यायचात, तेव्हा हीच हाक असायची. पाचवीत असताना एका मुलीनं तोच शब्द सगळ्या वर्गासमोर म्हटला, माझा डबा बाजूला सारत. मी दोन दिवस शाळेत गेले नाही. आईला सांगितलं पोट दुखतंय."

मामांचं हसू विरलं. "हे मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ती हाक बंद केली असती, आणि ती मला हवी होती."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. मामी ऐकत असावी.

म्हणून कवानीच्या तीन सामन्यांवर उरुग्वेच्या भाषा अकादमीनं निषेध नोंदवला तेव्हा मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि तरीही शिक्षा पूर्ण चुकली असं मला म्हणवत नाही. लाखो लोक पाहतात अशा जागी तो शब्द लिहिला गेला होता, आणि वाचणाऱ्या सगळ्यांना सायकलची दांडी आठवणार नव्हती. काहींना सारलेला डबाच आठवणार होता. हे सगळं तीन, सहा, आठ अशा आकड्यात कुठं दिसतं? त्यासाठी लिहावं लागतं. सुआरेझच्या प्रकरणात समितीनं लिहिलं. ११५ पानं. स्पॅनिश भाषेच्या जाणकारांना विचारलं, तो शब्द तुमच्याकडे कधी मायेचा असतो आणि कधी नसतो. दोन्ही खेळाडूंचं म्हणणं ओळीनं तपासलं. आणि शेवटी ठरवलं की भांडणात, चिडवण्याच्या सुरात, एकदा नाही तर सातदा तो वापरला गेला. टेरीच्या बाबतीत एकदाच. कोर्टानं सोडलेला माणूस एफएनं दोषी का धरला, यानंही लोक गोंधळले होते. पण त्यात विसंगती नाही. फौजदारीत शंकेला जागा उरता कामा नये. शिस्तीच्या कारवाईत कोणती बाजू जास्त संभवनीय, एवढं पुरतं. आमच्याकडेही निर्दोष सुटलेल्या नोकरावर खात्याची चौकशी चालूच राहते.

"मग टेरीचे चार बरोबर?" मामांनी विचारलं.

"नाही. मला ते कमी वाटतात. तो त्या वेळी देशाचा कप्तान होता. मी असते तर ते त्याच्या विरुद्ध धरलं असतं. जेवढं पद मोठं तेवढा शब्द लांब पोचतो. पण बघा, मी हे तुम्हाला नेमकं सांगू शकते, कारण कागद आहे. चार का, तर एकदा म्हणून. त्या 'एकदा'शी मी भांडू शकते. लोक भांडले, आणि २०१३ ला एफएनं अशा बोलण्यासाठी कमीत कमी पाच सामने असा तळ ठरवला. कागद नसता तर नुसता आरडाओरडा झाला असता, आणि चार दिवसांनी सगळे विसरले असते."

"हां. हे जरा पटलं," मामा म्हणाले. पण त्यांच्या स्वरावरून कळत होतं की जरा म्हणजे जराच.

मी तिसरं प्रकरण काढलं. काढताना मला कल्पना नव्हती ते कुठं जाईल.

"रेफरीच्या अंगाला हात. नाव झाकून."

"बारा सामने. कुणीबी असो."

"१९९८ ला पाओलो दि कानिओनं रेफरीला ढकललं. अकरा सामने. मार्च २०२३ मध्ये फुलहॅमच्या मित्रोविचनं रेफरीचा दंड पकडला. सगळं मिळून आठ. त्याच महिन्यात, बरोबर दोन आठवडे आधी, लिव्हरपूलनं मँचेस्टर युनायटेडला ७-० हरवलं त्या सामन्यात ब्रुनो फर्नांडिसचा हात लाईनमनच्या पाठीला लागला. त्याच्यावर कारवाई झाली नाही. दोन्हींत फरक होता, मला मान्य आहे. मित्रोविच रागानं अंगावर गेला होता. पण खालच्या वयोगटांच्या मॅचला उभ्या राहणाऱ्या रेफरीनं या दोन आठवड्यांतून काय शिकायचं?"

मामा काहीच बोलले नाहीत. खिडकीतून खालच्या गल्लीत पोरं भिंतीवर बॉल मारत होती, त्याचा धप्प धप्प आवाज येत होता. मग ते म्हणाले, "दोन आठवडे? माझं तीन आठवड्यांचं होतं."

ही गोष्ट त्यांनी मला आधी कधी सांगितलेली नव्हती. एका अंतिम सामन्याची. उन्हाळा, स्टेडियमवर मुंगी शिरायला जागा नाही. उत्तरार्धात त्यांनी एक फाउल दिला. मोठ्या संघाचा कप्तान धावत आला, दोन्ही तळवे मामांच्या छातीवर ठेवले आणि ढकललं. मामा दोन पावलं मागं गेले. "लाल कार्ड मागच्या खिशात असायचं, पिवळं वरच्या. माझा हात मागं गेला होता. बोटांना कार्ड लागलं होतं. मग मी वर बघितलं. पायऱ्यांवरची सगळी माणसं उभी राहिली होती. हात वर आला आणि वरच्या खिशातलं काढलं. रात्री रिपोर्ट लिहिला. काय लिहिलं? 'कप्तानाने निर्णयावर वाद घातला.' त्याला काय झालं न्हाई."

तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका मैदानावर छोटी मॅच होती. बघायला चाळीसएक माणसं. बारक्या संघातल्या एका एकोणीस वर्षांच्या पोरानं, ज्याच्या बुटाचा तळ सुतळीनं बांधलेला होता, मामांची बाही धरून ओढली. शर्टाचं बटण तुटलं. मामांनी लाल काढलं आणि रिपोर्टात लिहिलं, 'रेफरीस धक्काबुक्की केली.' पोराला वर्षाची बंदी पडली. त्याच वर्षी त्याला एका नोकरीच्या संघात निवडीसाठी बोलावलं होतं. ते गेलं.

"गंगावेशीत पंक्चरचं दुकान आहे त्याचं. मला बघितलं की हातातलं काम ठेवून उठतो. 'सर' म्हणतो. मला लगेच पुढं निघावं वाटतं." मामा हाताच्या पंजाकडे बघत होते. "म्हणून मी म्हणतो की रेफरीच्या, समितीच्या, कुणाच्याच मनाला जागा ठेवू नका. नियम म्हणजे नियम. त्या दिवशी मला ठरवायला लागलं नसतं तर बरं झालं असतं."

त्यांना दुखावण्याची माझी इच्छा नव्हती. पण एवढं खरं बोलणाऱ्या माणसाला खोटा धीर देणं मला जमलं नाही.

"मामा, नियम त्या दिवशीही होताच की. रेफरीला हात लावला तर लाल, हे दोन्ही मैदानांवर एकच होतं. मनाला जागा नियमानं दिली नव्हती. ती एका शब्दानं दिली. एकाचा 'वाद' झाला, दुसऱ्याची 'धक्काबुक्की'. तुम्ही आकडा कितीही घट्ट बांधलात तरी कृत्याला नाव देणारा कुणीतरी असतोच. आकड्याला हात लावता येत नाही म्हटलं की सगळं मन तिथं जाऊन बसतं, नाव देण्यात. आणि तिथं ते कुणाला दिसत नाही."

इंग्लंडमध्येच याचं ढळढळीत उदाहरण आहे. मार्च २०१३ मध्ये विगनच्या मॅकमॅनमननं न्यूकॅसलच्या हैदाराच्या गुडघ्यावर असा पाय घातला की हैदाराला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. रेफरीनं फाउलही दिला नव्हता. सगळ्या देशानं टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिलं. एफए म्हणाली, कारवाई करता येत नाही. का, तर मैदानावरच्या एका पंचानं ती धडक काही प्रमाणात पाहिली होती, आणि पंचांनी पाहिलेल्यात नंतर हात घालायचा नाही असा नियम. त्याआधी २००६ मध्ये मँचेस्टर सिटीच्या बेन थॅचरला पोर्ट्समथच्या पेद्रो मेंडेसला कोपरानं बेशुद्ध पाडल्याबद्दल रेफरीनं पिवळं कार्ड दाखवलं होतं, म्हणजे पाहिलं होतं, तरी प्रकरण अपवादात्मक ठरवून त्याला आठ सामने दिले गेले. एकीकडे 'अपवादात्मक', दुसरीकडे 'पाहिलं होतं'. दोन शब्द. मॅकमॅनमनच्या प्रकरणावर एवढी टीका झाली की त्या उन्हाळ्यात नियम बदलावा लागला.

"म्हणजे तू म्हणतीस, मी लाल न काढल्यापेक्षा रिपोर्ट खोटा लिहिला हे वाईट."

"लाल न काढणं मला समजतं. हजारो माणसं उभी राहिलेली, तुम्ही एकटे. अंधेरीत मुंबई सिटी आणि मोहन बागानच्या एका सामन्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, रेफरीला सात लाल कार्डं काढावी लागली. टीव्हीवर बघताना मला तुम्हीच आठवत होता. पण रात्री घरी, दिव्याखाली, कागदावर कुणी उभं नव्हतं."

मामा उठले. मला वाटलं रागावले. ते आतल्या टेबलाकडे गेले आणि खाकी पाकीट घेऊन आले. इथल्या एका स्पर्धेच्या शिस्त समितीवर त्यांना या वर्षी बोलावलं होतं, हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. पाकिटात पहिलं प्रकरण. एका खेळाडूनं रेफरीला ढकललं. बैठक बुधवारी.

"मी आकडा ठरवून ठेवलाय," मामा म्हणाले. "पण कारणं लिहायची कशी ते दाखव. मला सवय न्हाई. आम्ही एका ओळीत उरकायचो."

मी पाकिटातल्या कागदावर खेळाडूचं नाव होतं तिथं मामीचा कंगवा आडवा ठेवला. "आधी काय घडलं ते लिहा. नुसतं काय घडलं. वाद नाही, धक्काबुक्की नाही. हात कुठं होता, किती जोरात, किती पावलं."

त्यांनी चष्मा घातला. अक्षर अजून शाळेच्या फळ्यावरच्यासारखं गोल. 'दोन्ही तळवे छातीवर. रेफरी एक पाऊल मागे गेले.' मग थांबले. 'खेळाडूने सामन्यानंतर येऊन माफी मागितली.' पुन्हा थांबले. "हे लिहायचं ना?"

"लिहायचं. आणि त्यासाठी किती कमी केलं तेही लिहायचं, म्हणजे पुढच्यालाही तेवढंच मिळेल. तळ सोडून खाली मात्र नाही जायचं."

"तळ राहू दे माझा," ते म्हणाले, आणि लिहिलं.

मग मी म्हटलं, "आता शेवटचं. यापूर्वी अशाच कृत्याला काय दिलं होतं, ते."

मामांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ ते कंगव्याकडे बघत राहिले. मग खुर्ची मागं सारून उभे राहिले आणि कपाटावर ठेवलेली पत्र्याची पेटी काढायला स्टूल शोधू लागले. त्या पेटीत त्यांच्या बावीस वर्षांच्या वह्या आहेत.

"धर गं जरा," ते वरून म्हणाले. मी स्टूल धरलं.